कावळा शिवेना

पिंड मांडून झाले, सगळे मागे सरले, तरी कावळा काही येईना.

मुलुंडच्या स्मशानामागच्या कट्ट्यावर धोंडूचा दहावा चालला होता. समोर डेटा सेंटरची बिनखिडक्यांची इमारत घूं घूं करत उभी होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, म्हणतात. इथे इमारतीसाठी फांद्या आधीच तुटल्या होत्या. शेजारी दुसरी इमारत उठायची होती आणि तिच्यापायी उरलेली झाडंही जायची होती. ती धोंडूने कोर्टात दावा लावून अडवून धरली होती. कावळ्यांनी निकालाची वाट पाहिली नव्हती.

आता दावा पुढे चालवायचा की सोडायचा, ते सोमवारी घरच्यांनी कोर्टाला सांगायचं होतं. मुलगा सुशांत सोडायच्या बाजूचा. नव्या इमारतीतल्या जनरेटरचं काम त्याला कबूल झालं होतं.

"ही इमारत दिवसरात्र पाणी पिते आणि आमच्या सोसायटीला टँकर," त्याची बहीण श्रुतिका म्हणाली. "कशासाठी? तर लोकांनी एआयला विचारावं, आज भाजी कसली करू!"

"तू नाही विचारत? बाबा गेल्याचा मेसेज कुणी लिहिला गं? 'एक तेजस्वी पर्व संपले.' बाबा फिटर होते यार, पर्व कसलं?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, त्यातली गत. श्रुतिकाने हातातला फोन पर्समध्ये टाकला.

गुरुजींना भांडुपला आणखी एक दहावा होता. "काहीतरी इच्छा राहिली असेल त्यांची," ते म्हणाले. "वचन द्या, लवकर."

सुशांतने हात जोडले. "आईला सांभाळीन."

कावळा नाही.

"गावच्या घरावर नवे पत्रे घालीन. श्रुतिकाला तिचा वाटा देईन."

श्रुतिकाचे डोळे तेवढ्यात कोरडे झाले. कावळा नाहीच. द्यायला सोपी ती सगळी वचनं सुशांतने देऊन टाकली.

"त्येंका काय व्हया, तां तुका म्हायत आसा," त्याची आई रुक्मिणी म्हणाली.

"आई, दावा चालवून कावळे परत येणारेत का? जग कुठे चाललंय, बघ ना जरा!"

"कावळे येवदेत नायतर नको. उरलेली झाडां तरी ऱ्हवतली."

सुशांतने मान वळवली. मेलेल्या बापाला खोटं वचन द्यायची त्याला भीती वाटत होती, आणि खरं द्यायचं नव्हतं.

"दर्भाचा कावळा करू या," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

"थांबा हो. दर्भाचा कशाला?" सुशांतने फोन काढून तोंडाजवळ धरला. "कावळ्याचा आवाज काढून दे. एकदम खरा वाटला पाहिजे."

फोन लगेच काव काव करू लागला. सुशांतने तो हात उंच करून धरला. दहाव्याला आलेली चांगली शिकलीसवरलेली माणसं माना वर करून आभाळात बघत राहिली. एकालाही हसू आलं नाही, की लाज वाटली नाही.

रुक्मिणी उठली. तिने मुलाच्या हातातून फोन घेतला, वाकली आणि तो पिंडाच्या भातात दाबून बसवला.

"हो बघ तुझो कावळो. शिवलो," ती म्हणाली. "सुटलंस तू. दावो आता मी चालवतलंय."

आणि ती चपला घालून चालू लागली.

भातात रुतलेला फोन काव काव करतच होता. पिंडाला शिवलेली वस्तू उचलायला कुणी पुढे होईना. सुशांतसुद्धा.