खेळती हवा

हे गेले आणि आठवड्याभरात मुलाने ह्यांच्या खोलीत दिव्यांखाली भाजीची रोपं लावली. खिडकी तोडून तिथे गार हवा आत घेणारा पंखा बसवला. दुसरा पंखा आतली गरम हवा भिंतीतल्या पाइपातून माझ्या खोलीत सोडतो. "थंडीत ऊब मिळेल तुला," म्हणाला, आणि मिळालीही.

त्या खोलीत उष्मा वाढला की त्याचा मोबाइल वाजतो आणि तो भरल्या ताटावरून उठून धावतो. "हवा खेळती नसली तर दोन दिवसांत माना टाकतात गं ही!"

तीच खिडकी रंगाने घट्ट बसली होती, तेव्हा हे धापा टाकत त्याला दोन उन्हाळे विनवत होते, "तेवढी मोकळी करून दे रे बाबा." आणि त्याचं दर वेळी एकच, "बघू, रविवारी."

आता पुन्हा उन्हाळा लागलाय. माझी खिडकीही त्याच रंगाने बसलेली आहे. काल जेवताना मी म्हटलं, "अरे, मला हल्ली गुदमरतं. तेवढी खिडकी मोकळी करून दे."



मोबाइल वाजला. उठता उठता तो म्हणाला, "बघू, आई. रविवारी."