सव्वा किलो

उमानं फोनवरचा मासा दोन बोटांनी मोठा करून पाहिला. काळा, लांबट, तोंड मिटलेला. एका चपट्या दगडावर ठेवला होता. खाली कडूबानं लिहिलं होतं, "भाऊसाहेब, सांगा."

तिनं जन्मात मासा हातात धरला नव्हता. घरात कधी शिजलाही नव्हता. बराच वेळ विचार करून तिनं लिहिलं, "सव्वा किलो."

लगेच पुंजारामचं उत्तर आलं, "भाऊसाहेब म्हनले म्हंजी तेवढाच."

फोन तिच्या वडिलांचा होता, सदाशिवराव अण्णांचा. ते जाऊन दोन महिने होत आले होते.

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांना गळाचा नाद लागला होता. दर रविवारी फुलंब्रीच्या रस्त्यावरच्या तळ्यावर जायचे. सोबतीला तिकडचेच तिघं : पंक्चर काढणारा कडूबा, पुंजाराम आणि फकिरा. मासा त्यांनी कधी घरी आणला नाही. लागलेला तिथंच कुणाला तरी देऊन मोकळे व्हायचे. पण वजन सांगायचं ते त्यांनीच, असा त्या तळ्यावरचा रिवाज होता. काटा कुणी नेत नसे. मासा हातात तोलून, आणि ते नसतील तेव्हा फोटो पाहून, भाऊसाहेब सांगतील तो आकडा पक्का. चैत्रात पाणी उतरलं, की मासे भराभरा गळाला लागत आणि चौघांच्या ग्रुपवर फोटोंची रीघ लागे. जेवताना सदाशिवराव फोन उमापुढे धरत. "सांग बघू, किती?" ती पुस्तकातून मान वर न काढता तोंडाला येईल ते सांगायची. ते हसायचे आणि काहीतरी टाइप करत बसायचे.

ते गेल्यावर मुकुंदनं, तिच्या भावानं, पेपरात फोटो दिला. तो छापून आला त्याच दुपारी उमानं त्यांचा फोन बंद करायला म्हणून हातात घेतला. तेवढ्यात ग्रुपवर एक मासा आला. "भाऊसाहेब, सांगा." त्या माणसांना काही कळलेलं दिसत नव्हतं. बाहेरच्या खोलीत माणसं बसून होती, हळू आवाजात अण्णांबद्दल 'होते, होते' म्हणत होती. तिनं लिहिलं, "अर्धा किलो."

मग दिवस झाले. मुकुंद पुण्याला परतला. औरंगपुऱ्यातल्या घरात उमा एकटी राहिली. दर रविवारी एक मासा यायचा. शनिवारपासूनच ती वाट पाहायला लागायची. ग्रुपमधलं जुनं काही वर सरकवून वाचायचा धीर मात्र तिला झाला नव्हता. वर अण्णांचे शब्द होते. खाली तिचे. मधली रेघ तिला पाहायची नव्हती.

त्या काळ्या माशानंतर पुढचा मासा आला नाही, कडूबाचा निरोप आला. "रविवारी सकाळी तळ्यावर या. काम हाय."

रविवारी तिनं अण्णांची गळाची काठी जुन्या धोतरात गुंडाळली आणि फुलंब्रीची बस धरली. सांगून टाकायचं होतं. साध्या माणसांना दोन महिने फसवलं होतं. वाटेत तिनं वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. एकदा ते बोललं, की अण्णा तिथंही उरणार नव्हते.

रस्ता सोडून ती बांधावर चढली आणि थांबली.

तळ्यात पाणी नव्हतं. या काठापासून त्या काठापर्यंत नुसता भेगाळलेला गाळ. मधोमध चार शेळ्या हिंडत होत्या. एका चपट्या दगडावर कडूबा एकटाच बसला होता. तिला पाहून तो उठला, दगड उपरण्यानं झटकला.

"बसा ताई."

"मला तुम्हाला एक सांगायचं होतं. अण्णा..."

"ठावं हाय," कडूबा म्हणाला. "त्याच दिशी पेपरात वाचलं. पुंजारामला ठावं नव्हतं, त्यानं रोहू धाडला. आमी त्याला कळवायलाच बसलो, तवर भाऊसायेबाच्या नंबरवरनं आलं, अर्धा किलो. लई मोठा रोहू व्हता तो. फकिरा म्हनला, ही लेक हाय. नका बोलू काई."

उमा गाळाकडे पाहत राहिली. "मग हे मासे?"

"पानी तर होळीच्या आधीच सरलं, ताई. गेल्या सालचे फोटू धाडत व्हतो." तो पायानं ढेकूळ फोडत राहिला. "तेबी सरले. म्हून बोलावलं."

"मी आपली मनाला येईल ती वजनं सांगत होते," ती म्हणाली.

कडूबा पहिल्यांदाच हसला. "कमीच सांगता तुमी. पयल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"वर सरकवून बघा की."

तिनं पिशवीतून फोन काढला. पदरानं काच झाकून ऊन अडवलं आणि वर सरकवत गेली. तिचे आकडे संपले. अण्णांचे सुरू झाले. गेल्या चैत्रात तोच काळा मासा होता, त्याच दगडावर, ज्यावर ती आत्ता बसली होती. खाली अण्णांनी लिहिलं होतं :

"पावणेतीन किलो. उमा म्हणते, सव्वा. एकदा तळ्यावर घेऊनच येतो तिला."