डावा खांदा

सेंट ओलाफच्या सणाची शर्यत तोंडावर आलेली. होड्यांच्या शेडमध्ये मार्यून आम्हा वल्हवणाऱ्यांच्या दुखऱ्या खांद्यांना निळी टेप लावत होती. कोपरे गोल कापायचे, पट्टी ताणून चिकटवायची, डिंक धरेपर्यंत तळव्यानं चोळायची. सवयीनं तिनं मुलाची, रोईचीही पट्टी कापली आणि कात्री थांबली. तिचा रोई मार्चमध्ये समुद्रातून परतलाच नव्हता. त्याच्या जागी आज शेजारच्या गावचा ट्रोन्दूर बसणार होता. दर शर्यतीला रोईला चिडवणारा हाच: “आईनं चिकटवलं की दुखणं पळतं होय रे, बाळा?” ट्रोन्दूरनं शर्ट काढला, तिच्याकडे पाठ करून बसला. “मार्यून, ती मला लाव.” “तुला कुठं दुखतंय?” “डावा खांदा.” डावा रोईचा दुखायचा. तिनं पट्टी चिकटवली, चोळू लागली. होडीवरून हाका आल्या. डिंक केव्हाच धरला होता. तिचा हात थांबेना, ट्रोन्दूरही उठेना.