शेवटच्या फलाटापर्यंत

दुपारच्या गाड्या सुटल्या आणि बसस्थानकावर जरा सामसूम झाली, तसं निवेदकानं साहेब आसपास नाहीत हे पाहून घेतलं आणि माइकचं बटण दाबलं. आधी थोरल्या मुलाचं नाव घेतलं, मग धाकट्याचं आणि त्याच दमात एक नवंकोरं नाव, मुलीचं. या तिघांनी चौकशीच्या खिडकीपाशी यावं, असं वर ठोकून दिलं आणि मान लांब करून शेवटच्या फलाटाकडे पाहिलं.

तिथं चहाची टपरी होती. नाव स्वच्छ ऐकू आलं तर चहावाल्यानं हात वर करायचा, असं दोघांचं ठरलेलं. चहावाल्यानं हात खांद्यापर्यंत उचलला आणि तिथंच हलवला. म्हणजे दोन नावं पोचली, तिसऱ्याचं काही खरं नाही.

दोन्ही मुलांची नावं त्यानं अशीच पारखून घेतली होती. इंजिनांची घरघर आणि फेरीवाल्यांचा गलका यातून जे नाव शेवटच्या फलाटापर्यंत पोचतं, ते आयुष्यात कुठंही पोचतं, असं त्याचं शास्त्र होतं. अख्खं स्थानक त्याला भोंगा म्हणायचं आणि त्याला त्याचं भूषणच वाटायचं. मुलीच्या वेळी मात्र घोडं अडलं. बायकोची अट होती की नाव भावांच्या नावांना शोभलं पाहिजे. गॅलरीतून तिघांना एका दमात हाक मारली तर जीभ अडखळता कामा नये. तो रोज एक नाव घरी न्यायचा, बायको गॅलरीत जाऊन हाक मारून बघायची आणि मान हलवत आत यायची. पोरीचं नाव ठेवायचं राहिलं बाजूला, घरातले सगळे नावांनाच नावं ठेवत बसले होते. दिवसभर दुसऱ्यांची नावं पुकारायची आणि आपल्या लेकीला हाक मारायला नाव नाही, हे भोंग्याला फार लागायचं. त्यात आज बायकोनं निक्षून सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत नाव आलं नाही तर ती मनाला येईल ते ठेवून मोकळी होणार.

आजचं नाव त्याला दाढी करताना सुचलं होतं आणि मनापासून आवडलं होतं. ते असं अर्ध्या वाटेत विरावं, याचं कोडं त्याला सुटेना. तो पुन्हा बटणाकडे हात नेणार, तोच खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

बाहेर साठीची एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, चेहऱ्यावर धावत आल्याचा घाम. तिनं विचारलं, "मला बोलावलंत?"

भोंगा गडबडला. मुलांच्या वेळी अशी फजिती झाली नव्हती. त्यानं आधी आवाज खाली करून माफी मागितली, मग सगळी हकीकत सांगून टाकली. साहेबांच्या कानावर घालू नका, अशी विनवणीही केली. बाई रागावली नाही. उलट खिडकीच्या कठड्यावर पिशवी टेकवून तिनं बारीकसारीक चौकशी केली. मुलगी केवढी आहे, केस आहेत का, भाऊ किती वर्षांचे.

"आधीची दोन नावं त्यांचीच का?"

"हो मावशी. त्यांना जुळेल असंच शोधतोय."

बाई थोडी हसली. "माझेही दोन भाऊ. आई आमची तिघांची नावं अशीच एका दमात घ्यायची. माझं येईपर्यंत तिचा दम संपलेला असायचा."

बाईनं पिशवी उचलली. आता सगळी तिला आजी म्हणतात, काकू म्हणतात, खालच्या मजल्यावरची म्हणतात, असं ती सांगत होती. नावानं कुणी पुकारलं त्याला जमाना झाला, म्हणून तर धावत आले, म्हणाली. मग जरा संकोचून तिनं विचारलं, "माझी गाडी यायला वेळ आहे. एकदा नुसतं माझंच घ्याल? मी त्या टोकाला जाऊन उभी राहते."

ती चालत गेली. गुडघे दुखत असावेत, मध्येच एकदा थांबली. टपरीशेजारी पोचल्यावर तिनं पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

भोंग्यानं छाती भरून श्वास घेतला आणि नुसतं ते एकच नाव पुकारलं.

चहावाल्याचा हात झटकन वर गेला. त्याच्या शेजारी, शाळेत हजेरीला करतात तसा, बाईनंही हात वर केला. तिची गाडी येईपर्यंत भोंगा तिकडेच पाहत राहिला.

मग त्यानं घरी फोन लावून बायकोला नाव सांगितलं. तिनं ते दोनदा घोळवलं आणि नेहमीचाच प्रश्न केला, मुलांच्या नावांना शोभतंय का.

"शोभेल," तो म्हणाला. "फक्त तिचं आधी घ्यायचं."

पलीकडे गॅलरीचं दार उघडल्याचा आवाज आला आणि बायकोनं तिघांना हाक मारली. धाकट्याचं नाव शेवटी किंचित दबलं. पण तो तसाही पहिल्या हाकेला कधी आलाय?