दोराचं दुसरं टोक

विहिरीच्या काठावर उभं राहून धाकटा म्हणाला, "गाठ पक्की होती. दोर माझ्या हातून सुटला."

गाळ काढायला जमलेल्या माणसांनी टोपल्या खाली ठेवल्या. पाण्याला आलेल्या बाया जागच्या जागी थबकल्या. लंगडत आलेला थोरला भाऊ काठीवर रेलून उभा राहिला. काही वर्षांपूर्वी गाळ काढायला उतरताना याच विहिरीत तो पडला होता आणि त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला होता. वर दोर धरणाऱ्या धाकट्याने तेव्हा सगळ्यांना सांगितलं, दादानेच गाठ सैल बांधली. ज्याला स्वतःची गाठ बांधता येत नाही त्याला विहिरीत कोण उतरवणार? थोरल्याचं काम सुटलं ते सुटलंच.

"मी पिऊन आलो होतो," धाकटा म्हणाला. "आणि वर खोटं बोललो."

"आज कुठून सुचलं हे?" थोरल्याने विचारलं.

"फादरजवळ कबुली दिली. खूप रडलो."

"वा रे वा! विहिरीत पडलो मी, आणि माफी मागायला तू गेलास देवाकडे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. धाकट्याने मान खाली घातली नाही.

"फादरही तेच म्हणाले, दादा. प्रभू क्षमा करतो, पण पश्चात्ताप म्हणजे नुसतं रडणं नव्हे, मागे फिरणं. म्हणाले, जिथं वाट सोडलीस तिथं जा. म्हणून तुला इथं बोलावलं."

थोरला विहिरीत बघत राहिला. मग त्याने काठी बाजूला ठेवली, दोर कमरेला बांधला, गाठ ओढून पाहिली आणि दुसरं टोक धाकट्यापुढे टाकलं.

"अहो, पायाचं काय?" मुकादम ओरडला.

"खाली काय शर्यत लावायची आहे?"

धाकट्याने टोक उचललं आणि स्वतःच्या कमरेला बांधलं. असं कुणी करत नाही. वरच्या माणसाने मोकळंच राहायचं. गेला तर एकच जीव जावा, ही या कामाची रीत.

"वेड लागलंय का तुला? हा घसरला तर तूही जाशील!" मुकादम पुन्हा ओरडला.

"हो," धाकटा म्हणाला आणि हाताहाताने दोर सोडू लागला.

वरचा उजेड लहान होत गेला. थोरल्याचे पाय गाळात टेकले.

"टेकलो रे! दोर सैल कर."

दोर सैल होईना.

"अरे, सोड की! काम कसं करू?"

तरी होईना. हिसका द्यावा म्हणून त्याने चिडून दोर मुठीत धरला, आणि त्याचा हात तसाच राहिला. दोर हलत होता. जरासा वर जाई, जरासा खाली येई, पुन्हा वर. वर कमरेला दोर बांधून उभा असलेला त्याचा भाऊ श्वास घेत होता.

काळोखात, गुडघाभर गाळात, थोरल्याने स्वतःचा श्वास रोखून धरला.