जबड्याची तपासणी

जीवाश्माच्या जबड्यावरचा शेवटचा दगडी पापुद्रा सुईच्या टोकावर सुटून आला, तसे संशोधक बाईंनी डोळे गच्च मिटले आणि स्टूल सोडून त्या उठल्या.

"दादा, तू बघ."

बाईंनी संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत आपल्या भावाला, दातांच्या डॉक्टरला, कशाला बोलावलंय, हे संचालकांना आत्ता कळलं. दादालाही आत्ताच.

"मी? दगड तुझा, सूक्ष्मदर्शक तुझा. तू बघ की."

"मला दात दिसणारच. अर्धं आयुष्य त्याचीच वाट बघतेय. तुझा विश्वास नाही, म्हणून तू."

हे खरं होतं. बाईंचं भाकीत दादानं कायम थट्टेवारी नेलं होतं. घरी पाहुणे आले की दादा सांगे, "आमच्या बहिणीनं स्थळ न बघताच अटी घालून ठेवल्यात. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्या अधलामधला हवा. अंगावर पिसं, बोटांना नख्या, हाडांची लांब शेपूट आणि तोंडात दात. आणि एवढं करून स्थळ कोट्यवधी वर्षांपूर्वीच वारलेलं."

दगडातून पिसं निघाली होती. नख्या निघाल्या, शेपूटही निघाली. राहिले दात. खाली दालनात सरडा आणि कबुतर यांच्या मधोमध बाईंनी या प्राण्यासाठी एक काचेची पेटी अडवून ठेवली होती. दात नसले तर भाकीत चुकलं, आणि मग ती पेटी रिकामी करून द्यायची, असं संचालकांनी बजावलं होतं. पेटी रिकामीच आहे, हा मुद्दा कुणी काढला नाही.

दादा बसला. त्यानं हातमोजे चढवले आणि सवयीनं दगडाला म्हणाला, "आ करा."

दगडानं केलेलाच होता.

दादानं सूक्ष्मदर्शकातून जबडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासला. मग म्हणाला, "आहेत."

"काय आहेत?"

"दात."

"वाळूचे कण असतील."

"कण असे ओळीनं बसत नाहीत."

"भेगेत खनिज साचलं की दातासारखंच दिसतं."

"अगं, मुळं आहेत त्यांना! खोबणीत रुतलेत!"

"मग माशाचा जबडा असेल. वाहत येऊन चिकटलेला."

"कवटीला जोडलेला आहे तो!" दादा ताडकन उठला. ज्या प्राण्याची जन्मभर टिंगल केली, त्याच्यासाठी तो आता सख्ख्या बहिणीशी भांडत होता. "शहाणे, दात कसे दिसतात हे तू मला शिकवणार?"

संचालकांनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

"दगडाच्या."

आणखी दोन शंका होत्या, त्याही विचारून झाल्या. दादानं दोन्ही परतवल्या. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा कुठे बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले.



"दिसतायत ना?" दादाचा आवाज एकदम बारीक झाला होता.

बाईंनी मान वर केली नाही. एक हात तेवढा मागे नेला, चाचपडत दादाचं मनगट शोधलं आणि घट्ट धरून ठेवलं. त्याच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवी झालेली माणसं धरतात, तसं.