ताशी उणे दोन

उत्तर उणे दोन आलं, तेव्हा मुलीने आधी खोडरबर शोधला.

बाईंनी घरातलंच उदाहरण करून आणायला सांगितलं होतं. दोन अज्ञात संख्या, दोन समीकरणं. इतर पोरींनी बापलेकांच्या वयांवर भागवलं असणार. हिने शिवणाचं मशीन घेतलं. मशीन कारखान्याचं, पाय मायलेकींचे. शर्टांना खिसे लावायचे. एक खिसा बिघडला की तपासनीस चांगल्यातलाही एक वजा करायचा. दिवसाला साठ पास झाले नाहीत तर आठवड्याने मशीन उचलतो, असं तो परवाच बजावून गेला होता.

"सोमवारी तू चार तास बसलीस, मी तीन. पास झाले बावीस," मुलगी म्हणाली. "मंगळवारी तू सहा, मी तीनच. पास झाले अठरा. तू ताशी एक्स, मी ताशी वाय."

"एक्स काय म्हणतेस गं? आई म्हण," आई मशीन न थांबवता म्हणाली.

मुलगी हसली. पुन्हा वजाबाकी केली. पुन्हा उणे दोन.

ते उणे दोन कुणाचे, हे आईला न सांगताच कळलं. दोघींचे शर्ट ती एकाच गठ्ठ्यात बांधायची. माझं-तुझं कशाला करायचं, म्हणायची. ऐकायला मोठ्या मनाचं वाटे. मोठं मन पुष्कळदा असंच कशावर तरी पांघरलेलं असतं. सुईखालची शिवण तिला दोन महिन्यांपासून धुक्यातल्या मुंग्यांसारखी दिसत होती. पोरीच्या परीक्षेला महिना उरला होता; तेवढा ढकलला की झालं, असा तिचा हिशोब. तपासनीस कुरकुरला म्हणून मंगळवारी ती दोन तास जादा बसली होती.

"तास चुकले असतील तुझे," ती म्हणाली.

"तूच सांगितलेस."

"मग त्या मेल्या तपासनिसाने चुकवलं असेल. त्याला बोटं तरी मोजता येतात का?"

मुलीने ताळा करून पाहिला. चार तासांचे उणे आठ, तिचे स्वतःचे तीस, बावीस. दुसराही जुळला. ती उठली, आईच्या हाताखालचा शर्ट काढून उजेडाशी नेला. खिशाचं तोंडच शिवलं गेलं होतं.

तिने शर्ट बाजूला ठेवला. मग तिने साठाला आपल्या ताशी दहाने भागलं. तोंडीच.

"उद्यापासून सकाळी मी बसते. सहा तास."

"आणि शाळा?"

"सरक ना जरा."

"अगं, अशी हुशार पोर..."

"आई, सरक."

आई सरकली. मग म्हणाली, "मला काहीतरी दे. घड्या घालते."

मुलीने झालेले शर्ट तिच्याकडे सारले. आई एकेक शर्ट मांडीवर पसरून, हाताने सारखा करून, नीट घड्या घालू लागली. पहिला उलटा. दुसरा उलटा. तिसरा चुकून सुलटा.

"जमतंय ना गं?"

"छान जमतंय," मुलगी म्हणाली आणि तिने मशीनचा वेग वाढवला.